पेरुन, मोकोश आणि जूनमधली आग

बुधवार, रादहोश्त

ऑफिसमधल्या माझ्या पोलिश मैत्रिणीचा मोठा भाऊ पोलंडच्या जुन्या देवांना मानणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे तिकडे ख्रिस्ती धर्म यायच्या आधीचे जे देव होते, पेरुन, वेलेस, मोकोश, स्वारोग, त्यांना. या लोकांना तिथे रोजिमोव्हेर्त्सी म्हणतात. त्यांच्या कुपालाच्या सणाला, म्हणजे जूनमधल्या सगळ्यात मोठ्या दिवसाच्या सणाला, तिच्यासोबत मलाही बोलावलं तेव्हा मी ठरवलं की नुसतं शनिवारी रात्री जाऊन आग बघून परत यायचं नाही. वाटेतल्या जागा आधी नीट बघायच्या, म्हणजे त्या रात्री समोर काय चाललंय ते तरी कळेल. सुट्टी टाकली आणि बुधवारी पहाटे प्रागहून निघाले.

पहिला मुक्काम मोराव्हियात, बेस्किडी डोंगरात. खालून पुस्तेव्नीपर्यंत चेअरलिफ्ट जाते (या मार्गावर १९४० पासून आहे), वर उतरलं की रंगीत लाकडी घरं दिसतात, दुशान युर्कोविच नावाच्या आर्किटेक्टने १८९९ मध्ये बांधलेली. त्यातलं लिबुशिन २०१४ मध्ये जळालं होतं ते पुन्हा जसंच्या तसं उभं केलंय, आत जाऊन छताची नक्षी बघाच. तिथून धारेवरून चालत रादहोश्तच्या माथ्याकडे जायचं, ११२९ मीटर, चढ फार नाही. वाटेत रादेगास्त देवाचा पुतळा लागतो. सिंहासारखा चेहरा, हातात धनधान्याचं शिंग. आल्बिन पोलाशेक हा इथल्याच फ्रेन्श्टाटचा, अमेरिकेत जाऊन मोठा शिल्पकार झालेला माणूस, त्याने तो केला, १९३१ मध्ये इथे उभा केला. डोंगरावरच्या हवेने मूळ पुतळा खराब झाला म्हणून तो आता फ्रेन्श्टाटच्या टाउन हॉलमधे आहे आणि वर १९९८ पासून ग्रॅनाइटची प्रत.

पायाशी रानफुलं आणि नाणी होती. माझ्यासमोरच एक आजोबा आले, हातातल्या पावाचा तुकडा मोडून दगडावर ठेवला आणि काही न बोलता पुढे गेले.

आता खरी माहिती अशी की रादेगास्तचं लेखी पुराव्यातलं ठाणं इथे नाहीच, ते उत्तर जर्मनीत रेट्राला. १०६६ मध्ये तिथे मेक्लेनबुर्गच्या बिशपचं डोकं कापून या देवाला वाहिलं असं ब्रेमेनच्या आडाम या त्या काळच्या ख्रिस्ती इतिहासकाराने लिहून ठेवलंय. मोराव्हियातल्या या डोंगरावर त्याची मूर्ती होती आणि ती सिरिल आणि मेथोडियस या ख्रिस्ती धर्मप्रसारक संतांनी फोडली ही दंतकथा बरीच नंतरची. माथ्यावर त्याच दोघा संतांचं चॅपल आहे, १८९८ चं. एकाच धारेवर देव आणि त्याची मूर्ती फोडणारे दोघंही, आणि लोक दोन्हीकडे थांबतात.

गुरुवार, क्राकूव

ऑस्ट्रावाहून ट्रेनने क्राकूव. बॅग हॉस्टेलवर टाकून सरळ आर्किऑलॉजी म्युझियम, कारण मला इथे एकच गोष्ट बघायची होती, झ्ब्रुचचा देव.

चुनखडीचा चौकोनी खांब, अडीच मीटरपेक्षा उंच. १८४८ मध्ये दुष्काळात झ्ब्रुच नदीचं पाणी उतरलं तेव्हा पात्रात सापडला, ती जागा आता युक्रेनमधे येते. वर एकच टोपी आणि तिच्याखाली चार दिशांना चार चेहरे. एका बाजूच्या हातात शिंग, एकीच्या हातात कडं, एका बाजूला तलवार आणि घोडा. त्याखाली हात पसरून उभी माणसं, आणि सगळ्यात खाली गुडघ्यावर बसलेला मिशीवाला, दोन्ही हातांनी वरचं सगळं जग तोललंय त्याने. मी त्या खालच्याजवळ उकिडवी बसून बराच वेळ बघत होते. झीज इतकी आहे की डोळे नेमके कुठे ते शोधावं लागतं, पण खांद्यांवरचा भार स्पष्ट कळतो. २०११ मध्ये दोन युक्रेनियन अभ्यासकांनी हा खांब एकोणिसाव्या शतकातला बनावट आहे असं मांडलं, बाकीच्या बऱ्याच जणांना ते पटत नाही. माझं मत विचाराल तर मला तो जुनाच वाटतो. आज पोलंडमधे, युक्रेनमधे, रशियात, कुठेही या लोकांनी लाकडी देव उभा केला की तो बहुतेक वेळा याच खांबावर बेतलेला असतो. वावेल किल्ल्याच्या पायथ्याशीही याची प्रत उभी आहे, संध्याकाळी तिकडे चक्कर मारली.

ते शिंग मात्र डोक्यातून जाईना, त्याचं कारण आर्कोना. जर्मनीच्या र्‍युगन बेटाच्या टोकाला श्व्येंतोवित देवाचं देऊळ होतं, तोही चार तोंडांचा, ते ११६८ मध्ये डेन्मार्कचा राजा वाल्डेमार आणि बिशप आब्सालोन यांनी मोडलं. आणि तिथला सण कसा व्हायचा याचं सगळ्यात बारीक वर्णन कुणी लिहिलं, तर सॅक्सो ग्रामाटिकुस या डॅनिश इतिहासकाराने, जो आब्सालोनच्याच पदरी होता! सुगीनंतर पुजारी गाभारा स्वतः झाडायचा, झाडताना श्वास आत रोखून धरायचा, श्वास सोडायचा तर दाराबाहेर येऊन, देवाला माणसाचा श्वास लागू नये म्हणून. देवाच्या हातातल्या शिंगात वर्षापूर्वी भरलेली दारू किती उरलीय त्यावरून पुढच्या पिकाचा अंदाज सांगायचा. मग माणसाच्या उंचीची मधाची पोळी आणायचे, पुजारी तिच्यामागे उभा राहून लोकांना विचारायचा, मी दिसतोय का? दिसतोस म्हटल्यावर म्हणायचा, पुढच्या वर्षी दिसू नये एवढं पीक येवो.

हे सगळं मोडणाऱ्याच्या बाजूच्या माणसाने लिहिलं म्हणून उरलं. स्लाव्ह लोकांनी, म्हणजे पोलिश, चेक, रशियन वगैरेंच्या पूर्वजांनी, स्वतःच्या देवांबद्दल स्वतः लिहिलेलं असं जवळपास काहीच नाही. मला या ट्रिपमधे सगळ्यात लागलेली गोष्ट ही आहे आणि ती पुढे पुढे दिसतच गेली.

शुक्रवार, श्लेंझा

सकाळच्या ट्रेनने व्रोत्सवाव, तिथे मैत्रीण भेटली, तिथून सोबूत्का. ही लाईन बरीच वर्षं बंद होती, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, त्यामुळे आता डोंगराच्या पायथ्यापर्यंत गाडीने जाता येतं.

श्लेंझा ७१८ मीटर, आपल्या सह्याद्रीतून आलेल्या माणसाला आकडा ऐकून काही वाटणार नाही, पण आजूबाजूला सगळं सपाट शेत आणि मधेच हा एकटा डोंगर, पायथ्यापासून पाचशे मीटरच्या वर. त्यावर ढग अडकले होते, खाली लख्ख ऊन. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मर्सेबुर्गचा बिशप थिटमारने लिहिलंय की या डोंगराला इथले लोक फार मानायचे, त्याच्या आकारामुळे आणि तिथे चालणाऱ्या पूजांमुळे. पुन्हा तेच, बिशपच्या वहीतून मिळालेली माहिती.

जंगलातून वाट आहे, बीच आणि ओक, मधेमधे दगडांच्या जुन्या भिंती. वाटेत मासा धरलेली बाई आणि तिच्याजवळ अस्वल अशी दगडी शिल्पं, डोकं नाहीये तिला. माथ्यावर आणखी एक अस्वल. सगळ्यांवर तिरका क्रॉस कोरलेला. ही शिल्पं कुणाची यावर अभ्यासकांचं अजून जमलेलं नाही, कुणी ख्रिस्तपूर्व काळातली म्हणतं, कुणी मध्ययुगातली. माथ्यावर चर्च, टुरिस्ट हॉस्टेल, टीव्हीचा टॉवर आणि सॉसेज भाजणाऱ्या फॅमिल्या. माथ्यावरच्या अस्वलाला पोरं घोडा करून बसत होती, आईबाप फोटो काढत होते, मला ते आवडलं, देव असेल तर त्यालाही आवडत असेल.

रात्री मैत्रिणीच्या भावाकडे मुक्काम. जेवताना मी जो प्रश्न विचारायचा होता तो विचारला. मी सावळी, परदेशी, आणि या चळवळीबद्दल इंटरनेटवर वाचलं की निम्म्या ठिकाणी उग्र राष्ट्रवाद, वंश, रक्त हीच भाषा. मला चालवून घेणार आहात ना? दादा (मी त्याला दादाच म्हणते आता, त्याला त्याचा अर्थ सांगितलाय) आडवळण घेणाऱ्यांतला नाही. म्हणाला, तू वाचलंस ते खोटं नाही. दोन महायुद्धांच्या मधे यान स्ताखन्यूक नावाच्या माणसाच्या गटापासून राष्ट्रवादाचा एक मोठा धागा यात आहे आणि आजही असे ग्रुप आहेत ज्यांना स्लाव्ह सोडून दुसरं कुणी नको असतं. सूर्याचं आठ आऱ्यांचं चिन्ह, कोलोव्रात, जे आज सगळे प्राचीन म्हणून गळ्यात घालतात, ते या रूपात स्तानिस्वाव याकुबोव्स्की या चित्रकाराच्या १९२३ च्या चित्रांत दिसतं, आणि ते अतिरेकी उजव्यांनीही उचललं म्हणून त्यांच्या ग्रुपने वापरायचंच सोडलं. युक्रेनच्या युद्धात दोन्हीकडच्या सैनिकांमधे पेरुनला मानणारे आहेत, हे सांगताना त्याचा आवाज उतरला. बायको मधेच म्हणाली, आमच्याकडे नियम एकच, जो देवांशी आदराने वागेल तो पाहुणा.

कायद्याचंही विचारलं. पोलंडमधे १९९५ मध्ये रोजिमी कोश्चूव पोल्स्की या नावाने यातली पहिली संस्था धर्म म्हणून सरकारदरबारी नोंदली गेली, १९९६ मध्ये रोजिमा व्हियारा. तेव्हा नोंदणीला १५ सह्या पुरायच्या, नंतर कायदा बदलला आणि १०० लागायला लागल्या. त्यामुळे भरपूर छोटे ग्रुप नोंदणीच्या भानगडीत पडतच नाहीत, मित्रमंडळ असल्यासारखे चालतात. हा त्यातलाच एक.

शनिवार, कुपाला

जागा सांगत नाही कारण ती एका शेतकऱ्याची खाजगी कुरणाची जमीन आहे. पोलंडमधे जंगलात आणि जंगलाच्या कडेपासून १०० मीटरच्या आत उघड्यावर आग लावायला बंदी आहे, म्हणून हे लोक कुरण शोधतात जिथून झाडी लांब आणि पाणी जवळ. इथे एक तळं होतं. फायर एक्स्टिंग्विशर आणि पाण्याचे ड्रम आधी लावले गेले, बाकी सगळं नंतर.

आम्ही अकराच्या सुमारास पोचलो तर बायका गवतात बसून मुकुट विणत होत्या. मला एका मावशींनी बोलावून शेजारी बसवलं, हातात बिलित्साची जुडी दिली. ही आपल्या दवण्याच्याच जातीतली वनस्पती, पानं मागून पांढुरकी, चोळली की कडवट उग्र वास. तिचे लांब देठ वळून कमरेला पट्टा बांधायचा. मावशी निवृत्त टीचर, इतिहासाच्या, आणि त्यांनी देठ वळता वळता मला सांगितलं ते असं, सोळाव्या शतकात मार्चिन नावाच्या एका पाद्री वैद्याने वनस्पतींवर लिहिताना बायकांवर राग काढलाय, की या रात्री या बायका ही वनस्पती वाहतात, टांगतात, कमरेला बांधतात, फळ्या एकमेकांवर घासून आग काढतात, सैतानाची पूजा करतात. मावशी म्हणाल्या, ‘बिचाऱ्याने रागाच्या भरात पूर्ण कृतीच लिहून दिली आम्हाला.’ बाकीचं आलं ते गावातून. एकोणिसाव्या शतकात ओस्कार कोल्बेर्ग गावोगाव फिरून हजारो गाणी उतरवत होता, आज रात्री जी गाणी म्हणणार त्यातली बरीचशी त्याच्या संग्रहातली. ती म्हणणाऱ्या बाया चर्चला जाणाऱ्या, सेंट जॉनच्या नावाने आग पेटवणाऱ्या, पण गाण्यातलं पाणी आणि मुकुट आणि आग तीच.

मी विचारलं, म्हणजे मधली हजार वर्षं तुटलेलीच ना? ९६६ मध्ये पोलंडच्या मिएश्को नावाच्या शासकाने बाप्तिस्मा घेतला त्यानंतर देवाचं नाव घेऊन पूजा करणारं कुणी सलग उरलं नाही. मावशी म्हणाल्या, हो, तुटलेलीच, आणि आमच्यातला जो सलग आहे म्हणून सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मला हे उत्तर फार मोलाचं वाटलं. कुणीतरी जोडून जोडून केलंय म्हणून ते खोटं आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं आता पटणार नाही, कारण जोडणारी माणसं मी तिथे बसून बघितली, कुठला टाका कुठून आणलाय हे त्यांना तोंडपाठ आहे.

दुपारी चारच्या सुमारास एक वेगळा विधी झाला जो मला माहीत नव्हता. सात वर्षांच्या एका मुलाचे पहिले केस कापायचे. पोस्तझिझिनी म्हणतात. बाराव्या शतकात गाल्लुस आनोनिमुस या इतिहासकाराने पोलंडच्या राजघराण्याची मूळ कथा लिहिली त्यात पियास्त नावाच्या शेतकऱ्याच्या झोपडीत त्याच्या मुलाचे असे केस कापतात, दोन अनोळखी पाहुणे येतात आणि मुलाला शेमोवित नाव मिळतं, असं आहे. मुलगा लाकडाच्या ओंडक्यावर बसला, केस खांद्यापर्यंत, तागाचा पांढरा शर्ट आणि गळ्याशी लाल टाके. आईने त्याला कडेवरून आणावं तसं हात धरून आणलं आणि वडिलांच्या हातात दिलं. वडिलांनी चारी बाजूंची एकेक बट कापली, कात्री थरथरत होती त्यांची, प्रत्येक बट आईने पदरात घ्यावी तशी कापडात घेतली. मग झेर्त्साने, म्हणजे पुजाऱ्याने, मुलाला त्याचं नवं नाव मोठ्याने विचारलं आणि मुलाने स्वतः सांगितलं, सगळे एकदम ‘स्वावा!’ (म्हणजे जयजयकार) ओरडले. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे जावळ काढतात, मुलगा तेव्हा फार लहान असतो आणि मामाच्या मांडीवर बसतो. मुलाचे मामा तिथेच होते, त्यांनी हे ऐकून लगेच बहिणीकडे तक्रार केली की मग मला का नाही बसवलं.

तिथल्याच एका वयस्कर काकांनी मी कुठली विचारलं. इचलकरंजी सांगून कळणार नाही म्हणून कोल्हापूर सांगितलं, आणि मग सांगितलं की कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास माणसं. काकांना माहीत नव्हतं. त्यांनी ते दोन वेळा नीट विचारून घेतलं आणि नंतर दिवसभर जो भेटेल त्याला सांगत होते.

सूर्य मावळला नऊ वाजून गेल्यावर. रांगेने गोलात शिरायचं, शिरताना बिलित्साचा धूर आणि तळ्यातल्या पाण्याचे शिंतोडे. गोलाच्या एका बाजूला ओकचा कोरलेला खांब, त्या झ्ब्रुचच्या देवावरूनच केलेला, टोपीसकट. मोबाईल सगळ्यांनी बाहेर एका टोपलीत ठेवले होते. शिंग फुंकलं. मग आग, आणि लायटर काडेपेटी काही नाही, दोन खांबांच्या मधे आडवा दांडका, त्याला दोरीचे वेढे आणि दोन्हीकडून दोघं दोघं ओढणारे. वीस मिनिटं तरी नुसता धूर. माणसं बदलली, घाम, कुणी बोलेना, मग खाली ठेवलेल्या भुश्यात एक लाल ठिपका दिसला आणि झेर्त्साने तो ओंजळीत घेऊन फुंकर मारली. पेटला तेव्हा आजूबाजूला जो आवाज झाला तो आनंदापेक्षा सुटकेचा जास्त होता.

आगीत वाहिलं काय काय, तर कोवाच म्हणजे गोल सणाचा पाव, मध, धान्य, दूध, अंडी, चीज. प्राणी नाही, रक्त नाही. झेर्त्सा एकेका देवाला हाक मारत होता, सूर्याचा दाजबोग, विजेचा पेरुन, ओल्या मातीची मोकोश, आणि प्रत्येक नावानंतर तीनदा स्वावा. मग मधाची दारू भरलेलं शिंग गोलात फिरलं. पहिल्या फेरीत देवांसाठी, दुसऱ्या फेरीत गेलेल्या माणसांसाठी. दुसऱ्या फेरीत लोक आपापल्या आज्यांची नावं घेत होते, कुणी नाव घेऊन तिथेच थांबत होतं, आणि गोल वाट बघत होता. माझ्यापर्यंत शिंग आलं तेव्हा मला न घेता पुढे द्यायची मुभा होती, आधीच सांगितलेलं. मी घेतलं, माझ्या आज्जीचं नाव घेतलं, थोडी जमिनीवर ओतली, थोडी प्यायले. आज्जी आयुष्यभर पंढरीची वारी करणारी, तिला हे पटलं असतं का माहीत नाही, पण गेलेल्यांची आठवण काढायला ती कधी नाही म्हणाली नसती.

त्यानंतर सगळं मोकळं झालं. गाणी, फेर, ढोल. आग थोडी बसल्यावर जोड्या हात धरून उड्या मारायला लागल्या, उडीत हात सुटला नाही तर जोडी टिकते म्हणतात, मैत्रिणी मैत्रिणीही मारतात, मी आणि माझ्या मैत्रिणीने मारली, हात सुटला नाही. मुकुटांवर मेणबत्त्या लावून तळ्यात सोडले, लांब जाणारा मुकुट चांगला, पोरं पलीकडून पाण्यात उतरून पकडत होती. नेच्याचं फूल शोधायला काही जण निघाले (नेच्याला फूल येत नाही, या एकाच रात्री येतं अशी समजूत आहे), दोन वाजता हसत परत आले. डास मात्र भयंकर, बिलित्साचा पट्टा असूनही, आणि रात्री गारठा पडतो, जून आहे म्हणून फसू नका, जाडसर स्वेटर न्या.

रविवार

उशिरा उठलो. राख वाटून घेतात, शेतात टाकायला, शेतकऱ्याला सगळ्यात मोठी पिशवी. सकाळी गवतात ड्रम धुताना सगळ्यांचे चेहरे काळे झालेले आणि कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

तिकडे जायचं असेल तर एवढंच सांगते, मोठी गर्दी आणि जत्रा हवी असेल तर ऑगस्टच्या सुरुवातीला व्होलिनला स्लाव्ह आणि व्हायकिंग लोकांचा फेस्टिवल असतो, तो सगळ्यांना खुला आहे, तिकीट काढून जाता येतं, पण तो इतिहासप्रेमींचा मेळा आहे, पूजा नाही. पूजेला जायचं तर कुणीतरी ओळखीचं हवं, आधी विचारायचं, आणि फोटोचा हट्ट धरायचा नाही.

निघताना मावशींनी सप्टेंबरचं आमंत्रण दिलं. सुगीचा सण, आणि तेव्हा सॅक्सोने लिहिलेली ती मधाची पोळी हे लोक खरंच करतात. एवढा मोठा ओव्हन कुणाकडेच नाही, म्हणून प्रत्येक घर एकेक थर भाजून आणतं आणि तिथे कुरणावर एकावर एक रचतात. गेल्या वर्षी ती झेर्त्साच्या छातीपर्यंत आली होती. पाहुण्यांनी पीठ किंवा मध आणायचा असतो. मी मध नेणार आहे, दोन किलो तरी, आणि एक थर माझ्याकडून भाजून मिळेल का ते दादाच्या बायकोला विचारून ठेवलंय.